नायिकेनं बोंडं खाल्ली

जेवायला बसलेलं माणूस ताटातलं गोड बोटानं बाजूला सारतं, चोरासारखं इकडेतिकडे पाहतं आणि मग हळूच तोंडात टाकतं, ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. अरे, खायचं तर खा, नाही तर नको खाऊ! पण ते तोंड कशाला पाडायचं? कुणाच्या घरी दरोडा घातला आहेस? माझी सून म्हणते, "मामाजी, तुम्ही उगीच चिडता." उगीच नाही चिडत. पथ्यावर असताना गोड खाल्लं म्हणून मी काय काय भोगलं ते तिला माहीत नाही, म्हणून आज सांगून टाकतो.

तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. आमचं गाव मूल या गावाच्या बाजूला, धानाचं. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, नुकतीच गेली होती, पण जुन्या मालगुजाराला गाव मालकच म्हणायचं आणि तोही मालकासारखाच वागायचा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी सासरहून येतात, पाहुणे खासरं जुंपून येतात. खासर म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. दिवसा बाजार, अंधार पडला की नाटक. त्या काळी नाटकात बाया नसत, बायांची कामं पोरं करत. आमच्या गावची नायिका मी होतो.

हसायचं असेल तर हसून घ्या. मी वर्षभर चिखलात वाकून धान रोवणारा, बांधावर बोलणी खाणारा पोरगा. घरातसुद्धा माझ्या शब्दाला किंमत नव्हती. पण मंडईच्या रात्री मी लुगडं नेसून उभा राहिलो की गाडीतल्या म्हाताऱ्या पदरानं डोळे पुसायच्या. एका रात्रीसाठी का होईना, मी कुणीतरी असायचो. ते काम गेलं असतं तर माझ्याजवळ उरलं काय असतं? दोन बैल आणि चिखल!

मास्तरांनी मला सोळाव्या वर्षी निवडलं होतं. मास्तर म्हणजे पेटी वाजवून आमची तालीम घेणारे. माझे गाल पाहून म्हणाले, "गोल आहेत, गॅसबत्तीत चांगले दिसतीन." झालं, गालांनी मला बाई केलं. पुढं बाविसाव्या वर्षी तोच गोलपणा खाली सरकून पोटावर आला, तर तो माझा गुन्हा ठरला. त्या वर्षीच्या नाटकात नवरा मरतो आणि मी छाती पिटून गातो, असा प्रवेश होता. मी दोन्ही हात वर केले आणि पोलकं काखेपासून कमरेपर्यंत फर्रकन फाटलं. खाली नवरा मरून पडला होता, तो हसायला लागला. मढं हसतंय म्हटल्यावर सगळी मंडई हसली. पुढं कित्येक दिवस शेजारच्या गावची पोरं मला पाहून काखेत हात घालायची.

ती फजिती माझी झाली, पण राग आला मालकाला. नाटक मंडळाचा अध्यक्ष तोच. पडदा त्याचा, गॅसबत्त्या त्याच्या, म्हणून आम्हीही त्याचेच. पुढच्या वर्षी दसरा झाला आणि त्यानं मला ओसरीवर बोलावलं. समोर बुंदीच्या लाडवांचं ताट. पोट धोतराच्या गाठीवर येऊन बसलेलं. एक लाडू तोंडात, एक हातात, आणि मला म्हणतो, "पोट उतरव बे. नाईतर लुगडं दुसऱ्याले नेसवतो. गोड बंद, भात बंद."

आमच्या मुलखात भात बंद! सकाळ-संध्याकाळ जिथं भात, पेज आणि पुन्हा भात, तिथं माझ्या आईनं वरोऱ्याकडची ज्वारी आणवली. कोरडी भाकर आणि अंबाडीची भाजी. मी तेही केलं असतं, मुकाट्यानं केलं असतं. पण मालकाचा माझ्यावर भरवसा नव्हता. "हा लेकाचा चटोर आहे," म्हणाला, "याले देवापुढं उभा करा."

मग मला मारुतीच्या देवळात नेलं. नारळावर हात ठेवायला लावला आणि मास्तरांनी सांगितलं तसं मी म्हटलं, "मंडई होईपर्यंत गोड तोंडाले लावणार नाई. लावलं तर रंगभूमीचा कोप होवो." मंडळातल्या सगळ्यांनी ऐकलं. नारळ फोडला, खोबरं-गूळ वाटला. मी सवयीनं हात पुढं केला तर मास्तरांनी हातावर चापट मारली. "तुले नाई." सगळे चघळत घरी गेले आणि मी मारुतीकडे पाहत बसलो. त्याच्या तोंडालासुद्धा गूळ लावलेला होता.

माझं चुकलं ते इथंच. मी त्या शपथेवर विश्वास ठेवला. ते लोक पोट उतरवण्याचा उपाय म्हणून करत होते, मी मात्र खरंच समजलो की माझ्या जिभेवर आख्ख्या गावाचं नाटक उभं आहे. दिवाळीला घरात करंज्या तळल्या तर मी वासाला भिऊन शेतावर जाऊन बसायचो.

आणि भाऊबीज आली.

माझी एकच बहीण, माझ्याहून मोठी. तिला मी बाई म्हणायचो. तिला गोंडपिपरीकडच्या एका गावी दिलं होतं. आदल्या वर्षी तापामुळं मी भाऊबीजेला गेलो नव्हतो, तर वर्षभर तिच्या सासूनं तिला टोमणे मारले होते. 'तुह्या माहेरचे जिते आहेत का मेले?' असं विहिरीवर चार बायांसमोर विचारायची. म्हणून या वर्षी जाणं भागच होतं. मनाशी ठरवलं, ओवाळून घेऊ, साधं जेवू आणि निघू. बाई समजून घेईल.

बाईनं सकाळपासून कोहळ्याची बोंडं तळली होती. लाल कोहळं गुळात शिजवून, कणकेत कालवून, तेलात सोडलेली. लहानपणापासून माझा जीव त्या बोंडांवर. तिनं ओवाळलं, ताट पुढं ठेवलं. तिच्या मनगटावर तेलाचा ताजा चटका होता. मी ताटाकडे न पाहता म्हटलं, "बाई, मले गोड चालत नाई. नाटकाची शपथ आहे."

दाराच्या चौकटीला तिची सासू टेकून उभी होती, वाटच पाहत असल्यासारखी. "हो का? आमच्या घरचं गोड कडू लागते का पाहुण्याले? अन् नाटकात बाई होते म्हणून आतापासून बाईचे डोहाळे लागले का?" दोन शेजारणी आल्या होत्या, त्या खिदळल्या.

 बाई कधीच मोठ्यानं बोलत नसे. माझ्या पुढ्यात बसून ताट जरासं वळवलं आणि सासूला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "एक तरी खा गा. नाईतर वर्षभर मले ऐकावं लागन."

सांगा, मी काय करायचं होतं? मारुती दूर होता, बहीण समोर होती. मी एक खाल्लं. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वेलदोड्याचा वास. मग दुसरं खाल्लं. मग कोण मोजतो! बाई पुन्हा पुन्हा चुलीकडे जायची आणि गरम बोंडं आणायची. तिचं तोंड असं फुललं होतं की सासूसुद्धा गप्प झाली. त्या दिवसाइतका मी पुन्हा कधी सुखानं जेवलो असेन असं वाटत नाही.

गावाची शीव ओलांडली आणि सुख संपलं. वाटेत नाला लागला तिथं मी बसून चुळा भरल्या. भरतच राहिलो. जणू गोडाचा डाग दातांवर दिसणार होता! पोट चाचपून पाहिलं, तर वाढल्यासारखं वाटलं. चांगला तेविशीचा गडी, बैलांना आवरणारा, आणि झाडाआड जाऊन घशात बोटं घालून ओकत होतो. काय तर म्हणे, बहिणीनं प्रेमानं दिलेलं बाहेर निघावं. आज ते आठवलं की मला त्या मालकाचा नाही, त्या मास्तराचाही नाही, ज्यानं पहिल्यांदा अन्नाला पाप म्हटलं त्याचा गळा धरावासा वाटतो.

घरी आल्यावर मी स्वतःलाच शिक्षा दिली. भाकरसुद्धा सोडली. दिवसाला थोडी ज्वारीची पेज, तीही पातळ. आई विचारायची, "काऊन खाऊन नाई राह्यला?" मी म्हणायचो, भूक नाही. रात्री झोप लागायची नाही. डोळा लागलाच तर पडदा पेटलेला दिसायचा. दिवसभर धान कापायचं, संध्याकाळी तालमीला जायचं आणि तेही रिकाम्या पोटी. व्हायचं तेच झालं. ऐन तालमीत वरच्या सुरात जायला गेलो आणि आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न केला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी मास्तरांच्या पेटीवरच कोसळलो.

नेमकं त्याच आठवड्यात बाईच्या सासूनं मूलच्या बाजारात आमच्या मास्तरांना गाठलं आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, "तुमची नायिका आमच्या घरी आली होती ना! बोंडावर बोंडं खाल्ली! आमच्या घरून कोणी उपाशी जात नाई." बाईला वर्षभर टोचणारी ती बया, कौतुक करायला निघाली तर तिनं तेही नेमकं तिथंच केलं! मास्तर परत आले ते तडक मालकाकडे गेले.

ओसरीवर मला उभं केलं. मास्तर म्हणाले, "खाई त्याले खवखवे. तरीच आवाज गेला." मालक म्हणाला, "देवाचा कोप झाला बे तुह्यावर. अजून नाटक बुडवाचं आहे का?" मग मला देवळात नेलं आणि मारुतीपुढं नाक घासायला लावलं. "म्हण, बहिणीच्या घरचं खाल्लं, पाप झालं." मी म्हटलं. फरशीवर नाकाची साल निघाली, तरी म्हटलं, कारण मला लुगडं हवं होतं. आणि खरं सांगायचं तर ते पाप आहे हे मला पटलंही होतं. बाहेर निघताना मालक म्हणाला, "बाहेर कोठी बोलाचं नाई. लोकांले आपण शपथ पाळली असंच सांगू."

आई तेवढी चिडली. नाक पाहून तिनं मला चुलीपाशी बसवलं, भाताचा ढीग वाढला आणि उलथनं हातात घेऊन समोर बसली. "बोंडानं आवाज जाते का रे? उपाशी राहून जाते! खा, नाईतर हेच उलथनं तोंडावर हाणीन." मी जेवलो. दोन-चार दिवसांत आवाज परत आला. मनातलं मात्र गेलं नाही. पोट भरलं तरी वाटायचं, आपण भ्रष्ट झालो आहोत आणि सगळं आपल्यामुळं बुडणार आहे.

मंडईचा दिवस उजाडला. दुपारी बाई आली. सोबत नवरा आणि सासू. मी आनंदानं पुढं झालो, तर ती माझ्याकडे पाहीना. तिला घराच्या मागं नेऊन विचारलं, काय झालं? आधी नुसती रडली. मग कळलं. गावात शिरताच विहिरीवरच्या बायांनी तिला सांगितलं होतं, "तुह्या बोंडांनी तुह्या भावाचा आवाज गेला, त्याले नाक घासा लागलं." गावात गुपित राहतं थोडंच! लोकांपासून लपवायचं म्हणत मंडळातल्या प्रत्येकानं आपापल्या बायकोला सांगितलं होतं.

"तुह्यासाठी आणली होती," बाई म्हणाली. "डबाभर. विहिरीजवळ गाईले टाकून देल्ली." आणि मग म्हणाली, "मी तुले जहर खाऊ घातलं का गा?"

त्या क्षणी माझ्या डोक्यात जो जाळ उठला तो आजही विझलेला नाही. माझं नाक घासलं ते मी सोसलं होतं. पण हिनं काय केलं होतं? हात भाजून घेऊन भावाला जेवू घातलं होतं. तेही पाप? आणि ते पाप मीच तर मारुतीपुढं कबूल करून आलो होतो, तिच्या नावासकट! मी तिला म्हटलं, "बाई, जहर तुह्या बोंडात नव्हतं."  ती डोळे पुसत घरात गेली. तिला पटलं नव्हतं, ते तिच्या चालण्यावरून दिसत होतं.

अंधार पडला. मंडपाभोवती खासरांची रांग लागली. बाया एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला, शिट्या, आरोळ्या, लेकरांची रडारड. मी लुगडं नेसून, कुंकू लावून पडद्यामागं उभा होतो. पडद्याला फट होती, त्यातून बाई दिसत होती. बायांच्या पुढच्या ओळीत, सासूच्या शेजारी.

नाटकाआधी पडद्यापुढं नारळ फुटतो. मालकानं नारळ फोडला आणि भाषण सुरू केलं. "मंडळी, आमच्या नायिकेनं या वर्षी मोठं व्रत केलं. दिवाळी गेली, भाऊबीज गेली, पण त्यानं गोडाचा कण तोंडाले लावला नाई! अशी निष्ठा असन तरच रंगभूमी पावते!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फटीतून पाहिलं. बाईची सासू तिच्याकडे वळून काहीतरी पुटपुटली. बाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. इतकी खाली, की तिचं तोंडच दिसेना. टाळ्या वाजत होत्या आणि माझी बहीण भर मंडईत चोरासारखी बसली होती.

पडदा वर जायच्या आधीच मी तो हातानं सारला आणि पुढं आलो. मास्तर मागून लुगडं ओढत होते. मी बायकी आवाज काढला नाही, माझ्याच आवाजात ओरडलो, "मालक खोटं बोलून राह्यले! मी खाल्लं! भाऊबीजेले, माह्या बहिणीच्या हातची कोहळ्याची बोंडं खाल्ली! पोटभर खाल्ली! देवळात पाप म्हणालो, ते मले म्हणायले लावलं. ते पाप नाई! ज्याले पाप वाटते त्यानं यावं अन् हे लुगडं सोडून घ्यावं!"

 गॅसबत्तीचा सूं सूं आवाज तेवढा येत होता. मालकाच्या हातात नारळाचं अर्धं भकल तसंच राहिलं. मला वाटलं, आता दगड येणार. काम गेलं, कायमचं गेलं. पण मी जागचा हललो नाही.

तेवढ्यात मागच्या एका खासरातून एक म्हातारी खेकसली, "मंग? बहिणीनं देल्लं तं खाणार नाई तं काय पुरून ठेवन? सुरू कर ना बाप्पा नाटक! पोट्टे झोपून राह्यले!"

आणि मंडई हसली. गडगडून हसली. माझ्यावर नाही, मालकावर. त्या हसण्यानं माझा राग निवायला हवा होता, पण तो दुप्पट झाला. म्हणजे एवढंच होतं हे? ज्यांच्यासाठी मी उपाशी राहिलो, ओकलो, नाक सोललं, त्या लोकांना त्याचं काहीच नव्हतं! कोप देवाचा नव्हता, लोकांचाही नव्हता. एका ओसरीवर बसलेल्या दोन माणसांनी तो तयार केला होता आणि मी तो पोटात घेऊन फिरत होतो.

मी बाईकडे पाहिलं. तिनं पदर मागं सारला होता. सासू तिचा हात धरून खाली ओढत होती, पण ती उभी राहिली. जन्मात मोठ्यानं न बोललेली माझी बहीण हजार माणसांत उभी राहिली आणि मालकाकडे बोट करून म्हणाली, "मी देल्ली होती! अन् पुढच्या वर्षीबी देईन!"

त्या रात्रीचं नाटक मी पार पाडलं. पुढच्या वर्षी मालकानं लुगडं दुसऱ्याला नेसवलं. मी मंडईत बसून ते नाटक पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं, ते खोटं कशाला सांगू? पण त्याआधी भाऊबीजेला गोंडपिपरीकडे गेलो होतो. बाई चुलीपाशी होती, सासू चौकटीला टेकून उभी होती, आणि मी हात धुऊन ताटावर बसलो.